गावाची सनद कोणाच्या हाती? हरकतीचे तीस दिवस आणि आपण

गोष्ट एका पावसाळ्यातली आहे. मधल्या सुट्टीत आठवीतील एक मुलगी धापा टाकत शिक्षकांच्या खोलीत आली आणि म्हणाली, "गुरुजी, पंचायतीच्या फळ्यावर आमच्या गावाचं नाव लिवलंय. आमचं गाव शहरात घालणार म्हणून लिवलंय बघा." आम्ही तसेच उठलो आणि तिच्याबरोबर पंचायतीच्या ओसरीवर गेलो. फळ्यावर चार टाचण्यांनी लावलेला, पावसाच्या शिंतोड्यांनी कडेला भिजलेला एक कागद होता. मजकूर कन्नडमध्ये, सरकारी वळणाचा. गावातील जुनीजाणती माणसे रोज त्या ओसरीवर येत होती, उतारे घेऊन जात होती, घरपट्टी भरून जात होती. पाणीपट्टीची नाहीतर लिलावाची नोटीस असेल, असे समजून कोणीही तो कागद वाचला नव्हता. ज्यांना कन्नड वाचता येत होते त्यांनाही 'प्राथमिक अधिसूचना' म्हणजे काय, हे ठाऊक नव्हते. मुलीने अक्षर न् अक्षर लावून वाचले. शेजारच्या नागरी हद्दीत समाविष्ट करावयाच्या गावांची ती यादी होती. ज्यांना हरकत असेल त्यांनी ठरावीक मुदतीत लेखी कळवावे, असे शेवटी छापले होते. आम्ही तारीख पाहिली. मुदतीचे चार दिवस उरले होते!

त्या चार दिवसांत आम्ही जे शिकलो ते सीमाभागातील सर्व मराठी भाषिक बांधवांपुढे ठेवावे, एवढ्यासाठी हा लेखनप्रपंच. आमच्या समितीने वर्षानुवर्षे निवेदने दिली, सह्या गोळा केल्या, मोर्चांत पायपीट केली. पण गावाचे कायद्यातील स्थान नेमक्या कोणत्या कागदाने बदलते, तो कागद कोण काढतो आणि त्यावर बोलण्याचा अधिकार आपल्याला केव्हा व किती दिवस असतो, हे आम्हा शिकल्यासवरल्या म्हणवणाऱ्यांनाही धड माहीत नव्हते, ही कबुली प्रथम दिली पाहिजे.

सनद हा शब्द आपल्या कानाला नवा नाही. कित्येक घरांतील ट्रंकेत इनामाची जुनी सनद जपून ठेवलेली असते. सनद म्हणजे देणाऱ्याने घेणाऱ्याला लिहून दिलेला अधिकार. गावांना आणि शहरांनाही अशा सनदा मिळत. हिंदुस्थानातील पहिली नगर सनद मद्रासची. ईस्ट इंडिया कंपनीने ३० डिसेंबर १६८७ रोजी ती दिली आणि १६८८ च्या सप्टेंबरात तेथे एक मेयर व बारा आल्डरमन यांचा कारभार सुरू झाला. पुढे सनदांची जागा कायद्यांनी घेतली. मुंबई महापालिकेचा १८८८ चा कायदा हा त्यातला सर्वांत नामांकित. फिरोजशहा मेहता यांचा त्यात मोठा वाटा होता आणि अनेक दुरुस्त्यांसह तो आजही चालू आहे.

परदेशात काही ठिकाणी ही सनद शहराच्या स्वतःच्या हाती असते. अमेरिकेतील मिसूरी राज्याने १८७५ च्या आपल्या राज्यघटनेत सेंट लुई शहराला स्वतःची सनद स्वतः लिहिण्याचा अधिकार दिला. निवडून दिलेल्या तेरा नागरिकांच्या मंडळाने ती लिहिली आणि १८७६ मध्ये मतदारांनी ती मंजूर केली. आज त्याच शहरात सनदेत दुरुस्ती करावयाची तर झालेल्या मतांपैकी साठ टक्के मते अनुकूल पडावी लागतात. कॅलिफोर्निया राज्यात शहराच्या नोंदणीकृत मतदारांपैकी पंधरा टक्क्यांनी सह्या केल्या तर दुरुस्तीचा प्रस्ताव मतदानाला ठेवावा लागतो. म्हणजे तेथे दुरुस्ती नागरिकांच्या सह्यांपासून सुरू होऊ शकते आणि नागरिकांच्या मतानेच संपते.

आपल्याकडे तसे नाही. हे एकदा नीट समजून घेतले म्हणजे पुष्कळ गैरसमज दूर होतात. घटनेच्या सातव्या परिशिष्टातील राज्य सूचीत पाचवी नोंद 'स्थानिक स्वराज्य' ही आहे. म्हणून गाव असो वा शहर, त्याची सनद म्हणजे राज्याच्या विधिमंडळाने केलेला कायदा. कर्नाटकात महापालिकांसाठी १९७६ चा, नगरपालिका व पट्टण पंचायतींसाठी १९६४ चा आणि ग्रामपंचायतींसाठी १९९३ चा कायदा आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी आपला भाग मुंबई राज्यातून तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला, तेव्हा एका रात्रीत कायदे बदलले नव्हते. राज्य पुनर्रचना कायद्याच्या ११९ व्या कलमाने जुने कायदे त्या त्या प्रदेशात तसेच चालू राहिले आणि नव्या विधिमंडळाने बदलले तेव्हाच ते बदलले. राज्य आधी बदलले, सनद मागाहून बदलली. या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत आणि त्यांच्या वाटाही निरनिराळ्या आहेत.

राज्याची सीमा बदलण्याची वाट घटनेच्या तिसऱ्या कलमातून, म्हणजे संसदेतून जाते. महाराष्ट्राने २००४ साली सर्वोच्च न्यायालयात दाखल केलेला दावा हा त्याच प्रश्नाचा भाग. बेळगाव महापालिकेने २००५ साली महाराष्ट्रात सामील होण्याचा ठराव केला आणि त्याच वर्षी ती बरखास्त झाली, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. ठरावाचे मोल भावनेच्या दृष्टीने मोठे असेल, परंतु ठरावाने सीमा बदलत नाही आणि सनदही बदलत नाही. उलट आपल्या दारातील बदल ज्या वाटेने येतो त्या वाटेवर आपण उभेच नसतो, हे खरे दुखणे आहे.

ही वाट चार पायऱ्यांची आहे. वर्गात फळ्यावर लिहून द्यावी तशी ती येथे मांडतो.

पहिली पायरी घटनेची. ७४ व्या घटनादुरुस्तीने, जी १ जून १९९३ पासून अमलात आली, नगर संस्थांना घटनेत स्थान मिळाले. निवडलेल्या मंडळाची मुदत पाच वर्षे ठरली. मंडळ बरखास्त करावयाचे तर आधी त्याला आपले म्हणणे मांडण्याची वाजवी संधी द्यावी लागते आणि बरखास्तीनंतर सहा महिन्यांच्या आत निवडणूक पुरी करावी लागते. कायद्यात दुरुस्ती करून चालू मंडळ मुदतीपूर्वी घालवता येत नाही, असेही घटनेच्या २४३-यू या कलमात स्पष्ट म्हटले आहे. निवडणुका मुदतीत घेतल्याच पाहिजेत, असे सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली अहमदाबाद महापालिकेच्या प्रकरणात बजावले. तरीही बेळगाव महापालिकेची २०१३ नंतरची निवडणूक २०२१ साली झाली, हे लक्षात ठेवावे. नियम कागदावर असणे आणि तो पाळला जाणे यांत अंतर असते, आणि ते अंतर विचारणारा कोणी नसला की वाढते. ही पायरी बदलण्याचा अधिकार फक्त संसदेला, तोही विशेष बहुमताने.

दुसरी पायरी राज्याच्या कायद्याची. येथे विधेयक येते, विधानसभा व विधान परिषद ते मंजूर करतात, राज्यपाल संमती देतात आणि राजपत्रात छापून आल्यावर तो कायदा होतो. बेंगळूरुचे उदाहरण ताजे आहे. तेथील महापालिकेसाठी २०२० साली वेगळा कायदा झाला. तो पुरता रुळण्यापूर्वीच ग्रेटर बेंगळूरुसाठी नवा कायदा आला, १५ मे २०२५ पासून तो लागू झाला आणि एका महापालिकेच्या जागी पाच महापालिका आल्या. एवढ्या मोठ्या शहराची सनद पाच वर्षांत दोनदा बदलली आणि त्यासाठी नागरिकांचे मतदान झाले नाही, कारण आपल्या कायद्यात तशी तरतूदच नाही. या पायरीवर नागरिकाला थेट अधिकार नाही. आपला आमदार हाच आपला हात. त्याने विधेयक वाचले काय, दुरुस्ती सुचवली काय, हे विचारणे मात्र आपल्या हाती आहे.

तिसरी पायरी अधिसूचनेची, आणि आपल्या खेड्यांचा खरा संबंध येथे येतो. कायदा विधिमंडळ करते. पण त्या कायद्याखाली शहराची हद्द कोठपर्यंत, कोणते गाव आत, कोणते बाहेर, वॉर्ड किती आणि कसे, हे सरकार अधिसूचना काढून ठरवते. घटनेच्या २४३-क्यू या कलमानुसार एखादा प्रदेश नागरी ठरवताना लोकसंख्या, तिची दाटी, स्थानिक महसूल, शेतीखेरीज इतर व्यवसायांतील लोकांचे प्रमाण, आर्थिक महत्त्व अशा गोष्टी पाहावयाच्या असतात. हद्द बदलण्यापूर्वी सरकारला आपला इरादा प्रसिद्ध करावा लागतो आणि हरकती मागवाव्या लागतात. ही मुदत सामान्यतः तीस दिवसांची असते. नेमका आकडा आणि ती कोणत्या तारखेपासून मोजावयाची, हे सूचनेतच छापलेले असते, ते डोळ्यांनी पाहून घ्यावे. हरकतींचा विचार झाल्यावर अंतिम अधिसूचना निघते आणि त्या दिवशी गावाची ग्रामपंचायत जाऊन गाव शहराचा एक तुकडा होते.

चौथी पायरी उपविधींची. महापालिका वा नगरपालिका आपल्या कारभारासाठी पोटनियम करते, पण सरकारच्या मंजुरीवाचून ते लागू होत नाहीत. बाजार, परवाने, कचरा असे रोजचे विषय यात येतात. त्यांचाही मसुदा आधी प्रसिद्ध होतो. तो वाचणारे शहरातसुद्धा थोडेच.

आता कोणी म्हणेल, मुदत टळली तर कोर्ट आहेच. येथेच मोठी फसगत होते. हिमाचल प्रदेशातील काही गावे नागरी क्षेत्रात घातली तेव्हा प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. अशा बदलाने लोकांवर नव्या करांचा बोजा येतो, तेव्हा त्यांना म्हणणे मांडण्याची संधी दिली पाहिजे, असे न्यायालयाने १९८७ साली सांगितले. पण पुढे दोनच वर्षांनी, १९८९ साली, कल्याण महापालिकेच्या स्थापनेचा वाद त्याच न्यायालयापुढे आला. कल्याण, डोंबिवली, अंबरनाथ आणि उल्हासनगर मिळून एक महापालिका करण्याचा मूळ मसुदा होता. हरकती आल्यावर उल्हासनगर वगळले गेले आणि राहिलेल्यांनी आक्षेप घेतला. मुंबई उच्च न्यायालयाने पुन्हा म्हणणे ऐकण्यास सांगितले होते. सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला. हद्द ठरवणे हे कायदा करण्याच्या स्वरूपाचे काम आहे आणि कायद्याने जेवढी संधी दिली आहे त्यापलीकडे वेगळी सुनावणी मागता येत नाही, असा त्याचा सारांश. वॉर्डांच्या रचनेबाबत तर घटनेच्या २४३-झेडजी या कलमाने न्यायालयांचे दार जवळजवळ लावूनच घेतले आहे.

दोन्ही निकाल शेजारी ठेवून वाचले की अर्थ सरळ निघतो. बोलण्याचा हक्क आहे, पण तो मसुद्याच्या मुदतीपुरता आहे. उल्हासनगर बाहेर राहिले ते हरकती दिल्या गेल्या म्हणून. तीस दिवस गप्प बसणाऱ्याला नंतर तीस वर्षे ओरडता येते, पण ऐकणे कोणावर बंधनकारक राहत नाही.

हद्दीत जाणे वाईटच असते, असेही आमचे म्हणणे नाही. गावातील तरुणांपैकी काहींना शहरात जावेसे वाटत होते आणि त्यांची कारणे पोरकट नव्हती. गटारे हवीत, दिवे हवेत, नळाला पाणी हवे, घर बांधायला बँकेचे कर्ज सुलभ हवे. प्रश्न आहे तो काय मिळणार, केव्हा मिळणार आणि काय जाणार, हे आधी विचारण्याचा. बेंगळूरुच्या हद्दीत २००७ साली ११० गावे घेतली गेली. त्या गावांसाठीच्या कावेरी पाणी योजनेच्या पाचव्या टप्प्याचे उद्घाटन १६ ऑक्टोबर २०२४ रोजी झाले. मधली सतरा वर्षे मोजून पाहावीत. पुण्याच्या हद्दीत २०१७ साली अकरा आणि २०२१ साली तेवीस गावे गेली. त्यांतील उरुळी देवाची आणि फुरसुंगी या गावांनी वाढीव कर आणि अपुऱ्या सोयी यांवरून सतत आवाज उठवला आणि अखेर २०२४ साली ती दोन गावे हद्दीबाहेर काढून त्यांची वेगळी नगरपरिषद झाली. म्हणजे लागलेले गाव सुटूही शकते. पण त्यासाठी सात वर्षे झगडावे लागले, आणि तेही मराठी राज्यात, मराठी कागदांवर. आपल्याकडे त्यात भाषेची आणखी एक अडचण असते.

भाषेचा मुद्दा येथे नेमका कोठे येतो? ग्रामपंचायतीत सभासद आपले, बोलणे आपले, ग्रामसभेत उठून म्हातारीही दोन शब्द सुनावते. कागद कन्नडमध्ये असला तरी तोंडी कारभार मराठीत चालतो. गाव शहरात गेले की ग्रामसभा संपते. शेतमजुरांना मिळणारी ग्रामीण रोजगाराची कामे संपतात. पंधरावीस सभासदांच्या जागी एखादा नगरसेवक येतो. आणि वॉर्डाची रेघ गावाच्या मधून गेली तर एकगठ्ठा मराठी वस्ती दोन ठिकाणी थोडी थोडी होऊन बसते. हे कोणी मुद्दाम करते असे गृहीत धरण्याचे कारण नाही. नकाशावर रेघ ओढणाऱ्याला वस्तीचे बोलणे ऐकू येत नाही, एवढे पुरेसे आहे. ते ऐकवण्याची जागा म्हणजे वॉर्डरचनेच्या मसुद्यावरील हरकत.

कर्नाटकातील स्थानिक संस्थांची राजभाषा कन्नड आहे. १९८१ च्या कायद्याने ती ठरली आहे. परंतु हरकत कोणत्या भाषेत द्यावी, याचे उत्तर घटनेच्या ३५० व्या कलमात आहे. संघराज्यात किंवा त्या राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत, आपल्या गाऱ्हाण्याचे निवेदन कोणत्याही अधिकाऱ्याकडे देण्याचा प्रत्येक व्यक्तीला हक्क आहे, असे ते कलम सांगते. त्यामुळे मराठीत लिहिलेली हरकत ही मेहेरबानी नव्हे, हक्क आहे. तसेच जेथे भाषिक अल्पसंख्याक पंधरा ते वीस टक्के असतील तेथे महत्त्वाच्या सूचना त्यांच्या भाषेतही प्रसिद्ध कराव्यात, असे केंद्राच्या १९५६ च्या निवेदनात सुचवले होते आणि १९६१ च्या मुख्यमंत्र्यांच्या परिषदेत पंधरा टक्के हे प्रमाण मान्य झाले. त्या पंचायतीच्या फळ्यावरचा कागद मराठीतही असता तर सव्वीस दिवस फुकट गेले नसते. पण तो मराठीत येईपर्यंत, आहे तो वाचायला हवा, हेही तितकेच खरे.

आता त्या चार दिवसांची हकीकत पुरी करतो. पहिल्या रात्री समितीची बैठक आमच्या घरीच झाली. आम्ही मोठ्या आवेशाने चार पानी मसुदा लिहिला. त्यात भाषा होती, इतिहास होता, हुतात्मे होते. वाचून झाल्यावर कोपऱ्यात बसलेले एक तात्या म्हणाले, "गुरुजी, सगळं बरोबर हाय. पर माझ्या मळ्याला जाणारी वाट, विहिरीचं पाणी आणि घरपट्टी ह्याचं काय लिवलंय?" आम्ही निरुत्तर झालो. त्यांचे खरे होते. हरकत ज्याच्यापुढे जाणार तो हद्दीचा प्रश्न तपासणार, आणि हद्दीच्या प्रश्नावर आम्ही एक ओळही लिहिली नव्हती.

दुसऱ्या दिवशी आम्ही नव्याने लिहिले. गावातील किती कुटुंबे शेतीवर जगतात, ते घरोघर फिरून मोजले. घटनेच्या कलमात शेतीखेरीज व्यवसायांचे प्रमाण पाहावे असे आहे ना, मग आमचे प्रमाण हे घ्या. गावठाण व शहर यांमध्ये किती शेत मोकळे आहे ते लिहिले. पाणी कोठून देणार, किती दिवसांत देणार, तोवर कर वाढवणार काय, हे विचारले. वॉर्ड केल्यास गाव एका वॉर्डात अखंड राहावे, असे मागितले. सूचना मराठीतही द्याव्यात, हे त्याच अर्जात, १९५६ च्या निवेदनाचा दाखला देऊन लिहिले. ज्या तरुणांना हद्दीत जावे वाटत होते त्यांनी आपला वेगळा अर्ज लिहिला आणि आम्ही त्यांनाही तो नीट लिहून दिला. पंचायतीने आपला ठराव वेगळा केला. गावातील कन्नड भाषिक शेजाऱ्यांच्या शेताचा प्रश्न आमच्यासारखाच होता. त्यांनीही अर्ज दिले आणि आमच्या मराठी अर्जांची कन्नड भाषांतरेही त्यांच्यातल्या एका निवृत्त शिक्षकांनी करून दिली. चौथ्या दिवशी सकाळी ते सर्व कागद आम्ही संबंधित कार्यालयात नेऊन दिले आणि प्रत्येक प्रतीवर शिक्का व तारखेसह पोहोच घेतली.

निकाल अजून लागलेला नाही. पण आमच्या फायलीत ती पोहोच आहे. त्याच यादीतील शेजारच्या गावाला मात्र मुदत संपून नऊ दिवस झाल्यावर कळले. त्यांनी पाठवलेल्या अर्जावर 'मुदतबाह्य' असा शेरा पडला. तेथील लोक आमच्यापेक्षा कमी स्वाभिमानी नाहीत. त्यांच्या फळ्याजवळ वाचणारे कोणी उभे राहिले नाही, इतकाच फरक.

म्हणून प्रत्येक गावाने पुढील गोष्टी कराव्यात, अशी आमची विनंती आहे. आठवड्यातून एकदा पंचायतीचा, चावडीचा आणि तहसील कार्यालयाचा फळा वाचण्याचे काम एका माणसाकडे नेमून द्यावे. कन्नड वाचता येणारा तरुण किंवा तरुणी यासाठी हवी. ही भाषा आपल्या मुलांना येते हे आपले बळ आहे, त्यात कमीपणा नाही. वर्तमानपत्रांतील सरकारी जाहिराती, विशेषतः नगरविकास खात्याच्या, कापून ठेवाव्यात. हद्दवाढ, वॉर्डरचना, नागरी क्षेत्र, दर्जा बदलणे, नाव बदलणे असे शब्द दिसले की लगेच गावात दवंडी द्यावी. हरकत मराठीत लिहावी, सोबत सोयीसाठी कन्नड भाषांतर जोडावे. एकाच मजकुरावर शंभर सह्या घेण्यापेक्षा वीस जणांनी आपापल्या शेताचे, घराचे, पाण्याचे म्हणणे वेगवेगळे लिहावे. अर्ज हातोहात देऊन पोहोच घ्यावी, ते न जमल्यास स्पीड पोस्टाने पाठवून पावती जपावी. पुढे काय झाले हे कळत नसेल तर २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली अर्ज करून आपल्या हरकतीवर काय शेरा पडला ते लेखी मागावे.

यातले कोणतेही काम अवघड नाही. त्याला वकील लागत नाही, पुढारी लागत नाही. पारावर बसून सरकारला नावे ठेवण्यात जितका वेळ जातो, त्याच्या चौथ्या हिश्शात ते होते. आपली सनद आपल्याला लिहिता येत नाही, हे मान्य. ती बदलताना कडेला आपला शेरा लिहिण्याची जागा मात्र कायद्याने ठेवली आहे आणि ती जागा तीस दिवस रिकामी असते. ती भरावयाची की नाही, एवढेच आपल्या हाती आहे.

ती आठवीतली मुलगी आता नववीत गेली आहे. दर सोमवारी शाळा सुटल्यावर ती आणि तिच्या दोन मैत्रिणी पंचायतीच्या ओसरीवर जाऊन फळा वाचतात आणि वहीत तारखेसह टिपून आम्हाला आणून दाखवतात. बहुतेक वेळा पाणीपट्टीची सूचना असते, कधी लसीकरणाची. आम्ही ती वही तपासून खाली सही करतो. आपापल्या गावात अशी एक वही आजच सुरू करावी, हे सर्व सीमाबांधवांना आमचे कळकळीचे सांगणे आहे.